वाचक विचारतात : फुकटच्या इंटरनेटचे पैसे कोण भरतो?

जाहिराती, यूट्यूबचे ‘क्लेम’, परदेशातले ‘कॉपी शुल्क’ आणि गूगल टॅक्स यांबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या बातम्यांचे संकेतस्थळ चालवतो. महिन्याला पन्नास हजार पाने उघडली जातात, प्रत्येक पानावर तीन जाहिराती असतात. तरी हातात दोन हजारही पडत नाहीत. मधले पैसे कोण खातो? (वाचक, सातारा)

कोणी खाण्याआधी गळती किती होते ते बघा. पन्नास हजार पाने गुणिले तीन, म्हणजे दीड लाख जागा. त्या सगळ्या विकल्या जात नाहीत. समजा साठ टक्के विकल्या गेल्या, तर उरल्या ९०,०००. जाहिरातीचा भाव हजार दर्शनांमागे ठरतो. मराठी मजकुराला आणि तालुक्याच्या वाचकाला बोली कमी लागते, म्हणून हिशेबापुरता तीस रुपये धरू. ९० गुणिले ३० म्हणजे २,७०० रुपये. जाहिरातदाराच्या खिशातून गेले ते एवढेच.

आता कापणी. तुम्ही गूगल ॲडसेन्स (संकेतस्थळांवर जाहिराती लावून देणारी गूगलची सेवा) वापरत असाल आणि जाहिरातदारही गूगलच्याच खिडकीतून आला असेल, तर खरेदीच्या बाजूला सरासरी १५ टक्के कापले जातात आणि उरलेल्याचे ८० टक्के तुम्हाला मिळतात. शंभराचे पंच्याऐंशी, पंच्याऐंशीचे अडुसष्ट. २,७०० चे झाले १,८३६. तुमचे ‘दोन हजारही नाहीत’ हे गणित इथे जुळते. मध्ये आणखी दलाल असतील तर कापणी वाढते. ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० मध्ये ही साखळी तपासून घेतली. मोठ्या, नामांकित प्रकाशकांच्याही पदरात जाहिरातदाराच्या रुपयातले ५१ पैसेच पडत होते, आणि १५ पैसे नेमके कुठे गेले याचा पत्ता हिशेबनिसांनाही लागला नाही.

तुमच्या हातात काय आहे? आधी ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल तपासा. तुमची जागा विकायचा अधिकार कोणाला आहे, हे सांगणारी ही साधी मजकूर-फाइल २०१७ पासून रूढ झाली. ती नसेल किंवा चुकली असेल, तर बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत. तिच्यातल्या प्रत्येक ओळीत स्वल्पविरामाने वेगळे केलेले भाग असतात : विक्री करणाऱ्या कंपनीचा डोमेन, तुमचा प्रकाशक क्रमांक, व्यवहार थेट की पुनर्विक्रेत्यामार्फत, आणि शेवटी त्या कंपनीचा ओळख-क्रमांक. नेहमीच्या चुका तीन. एक, फाइल मुख्य पत्त्याच्या लगेच पुढे न ठेवता कुठल्या तरी फोल्डरमध्ये टाकणे. दोन, नोटपॅडमध्ये जतन करताना नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ दोनदा लागणे. तीन, प्रकाशक क्रमांकातला एखादा आकडा गाळणे. ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फाइलचे नाव टाका. ओळी पडद्यावर दिसल्या, तर फाइल जागेवर आहे.

जाहिरात ‘दिसली’ असे कधी म्हणतात, तेही माहीत असू द्या. तिचा निम्मा भाग पडद्यावर किमान एक सेकंद राहिला, तरच ते दर्शन पाहण्याजोगे धरतात. पानाच्या तळाशी तीन जाहिराती कोंबण्यापेक्षा बातमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर एकच लावलेली अनेकदा जास्त कमावते.

आणि हो, ॲडसेन्सचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय सुटत नाहीत. तुमच्या गतीने पाचेक महिने लागतील. त्याआधी १० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती दिसणेच थांबते. खेड्यातल्या पत्त्यावर पत्र हरवते, म्हणून पत्त्यात जवळची खूण आणि पिनकोड नीट लिहा.

प्रश्न : ओळखीच्या संकेतस्थळाला मदत म्हणून आम्ही ग्रुपमधले सगळे रोज त्याच्या जाहिरातींवर क्लिक करतो. चालेल ना? (वाचक, लातूर)

अजिबात नाही. एकाच वर्तुळातून रोज ठरावीक वेळी येणारे क्लिक यंत्रणेला लगेच खटकतात. ते पैसे परत कापले जातात, आणि खाते कायमचे बंद होऊ शकते. वाचा, बातमीची लिंक पुढे पाठवा, जाहिरातीला हात लावू नका.

प्रश्न : इथे नवा मोबाइल घेतला. त्याच्या किमतीत ‘लेखक-कलावंतांचे शुल्क’ असते असे दुकानदार म्हणाला. मी तर गाणी ॲपवर पैसे देऊन ऐकतो. मग हे कशाचे? (वाचक, स्टुटगार्ट, जर्मनी)

दुकानदार बरोबर बोलला. घरगुती वापराच्या मोबाइलवर ६.२५ युरो आणि टॅब्लेटवर ८.७५ युरो हे तिथले ठरलेले दर आहेत. मोबाइल एखाद्या व्यवसायाच्या नावावर घेतलेला असेल तर शुल्क कमी.

याचे मूळ टेपरेकॉर्डरमध्ये आहे. १९५० च्या दशकात जर्मन घरांत टेपरेकॉर्डर आले आणि लोक रेडिओवरची गाणी उतरवून घेऊ लागले. संगीतकारांची संस्था ‘गेमा’ कोर्टात गेली. घरातल्या नकलेलाही संगीतकाराची परवानगी लागते, असे १९५५ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले. पण परवानगी तपासायची कशी? टेपरेकॉर्डर विकताना गिऱ्हाइकाचे ओळखपत्र बघून नाव नोंदवा, अशी गेमाची मागणी होती. १९६४ मध्ये कोर्टाने ती फेटाळली : लोकांच्या घरात असे डोकावता येणार नाही. मग १९६५ च्या कायद्याने तोडगा काढला. घरात खुशाल नक्कल करा, पण नक्कल करणारे यंत्र बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने शुल्क भरायचे, विक्रीच्या रकमेच्या जास्तीत जास्त पाच टक्के. १९८५ मध्ये कोऱ्या कॅसेट आणि झेरॉक्स यंत्रे त्यात आली, आणि २००८ पासून दर उद्योग आणि हक्क-संस्था यांच्या वाटाघाटींतून ठरू लागले. यंत्र बनवणारा ही रक्कम किमतीत मिसळतो, म्हणून शेवटी भरता तुम्हीच. वसुली एका सामाईक संस्थेकडे आहे. तिच्यातून गेमा संगीतकारांना, ‘जीव्हीएल’ गायक-वादकांना आणि ‘व्हीजी वोर्ट’ लेखकांना वाटप करते.

तुमचा आक्षेप रास्त आहे. गाणे ॲपवर थेट (स्ट्रीमिंगने) ऐकले तर नक्कल जवळपास होतच नाही, आणि झाली तरी तिचे पैसे वर्गणीत दिलेले असतात. पण फोनमध्ये साठवलेला कार्यक्रम, सीडीवरून उतरवलेला अल्बम, पुस्तकाच्या पानाचा फोटो या सगळ्या नकला आहेत, आणि शुल्क त्या शक्यतेवर आहे. वापर मोजून घेतलेले नाही, अंदाजाने लावलेले आहे. एकही नक्कल न करणाऱ्यालाही शुल्क आणि धडाक्याने नकला करणाऱ्यालाही तेवढेच शुल्क, हा दोष आहेच. तरी आमच्या मते ते जाहिरातीच्या साखळीपेक्षा सरळ आहे : कोणी किती कापले ते छापील तक्त्यात दिसते.

युरोपीय न्यायालयाने याला दोन कुंपणे घातली आहेत. २०१० च्या पादावान खटल्यात ठरले, की केवळ व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रांवर सरसकट शुल्क लावता येणार नाही. २०१४ मध्ये ठरले, की चोरीच्या प्रतींमुळे झालेले नुकसान या शुल्कातून भरून काढता येणार नाही. उलट २०२२ च्या ऑस्ट्रियातल्या खटल्यात क्लाउडवर ठेवलेली प्रतही ‘खासगी नक्कल’ ठरली. त्यामुळे क्लाउड पुरवणाऱ्यांकडून वसुली करायची का, हा वाद आता देशोदेशी चालू आहे.

प्रश्न : असे शुल्क आपल्याकडे का नाही? म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरणे आपल्याकडे कायदेशीर आहे का? (दोन वाचक, जळगाव आणि पणजी)

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी, संशोधनासाठी ‘रास्त’ वापराला मोकळीक आहे. संगणक-प्रणाली त्यातून वगळल्या आहेत. बदल्यात शुल्क नाही. विकत घेतलेल्या सीडीवरून स्वतःच्या मोबाइलमध्ये गाणे घेणे एक, आणि मोबाइलच्या दुकानात ‘मेमरी कार्डात पाचशे गाणी भरून मिळतील’ ही पाटी लावणे अगदी वेगळे. ती पाटी म्हणजे धंदा. तिला कलम ५२ चे छत्र नाही, आणि पकडले जाते ते दुकानदाराला.

झेरॉक्सच्या बाबतीत दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या दुकानाचा खटला गाजला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी प्रकरणांच्या प्रती काढून देणे शिक्षणाच्या सवलतीत बसते असे म्हटले. वर्षअखेरीस खंडपीठाने हा प्रश्न आणखी पुराव्यासाठी खाली पाठवला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

शुल्क आणले तरी वसुली सोपी, वाटप अवघड. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला निम्मा वाटा काढून घेता येणार नाही, अशी दुरुस्ती आपल्याकडे व्हायलाच २०१२ उजाडले.

प्रश्न : सराफीच्या दुकानाची जाहिरात फेसबुक-गूगलवर करतो. ‘गूगल टॅक्स’ गेला म्हणतात, मग बिल कमी का झाले नाही? (वाचक, नाशिक)

कारण तुमच्या बिलातला मोठा कर तो नव्हताच. ज्याला गूगल टॅक्स म्हणत, तो समानीकरण शुल्क १ जून २०१६ पासून लागू झाला : भारतात कायमचे कार्यालय नसलेल्या परदेशी कंपनीला वर्षाला एक लाखापेक्षा जास्त रकमेची ऑनलाइन जाहिरात दिली, तर ६ टक्के. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्ससाठी २ टक्क्यांचे दुसरे शुल्क आले. ते १ ऑगस्ट २०२४ ला गेले आणि ६ टक्क्यांचे १ एप्रिल २०२५ पासून. अमेरिकेची कुरकुर या दोन्हींवर होती.

तुमच्या बिलावर दिसतो तो १८ टक्के जीएसटी. त्यासाठी जाहिरात-खात्याच्या ‘बिलिंग’मध्ये जीएसटी क्रमांक भरलेला आहे का ते बघा. तो भरला तरच बिल दुकानाच्या नावाने निघते आणि भरलेल्या कराची वजावट मिळते. खाते मुलाच्या किंवा एजन्सीतल्या पोराच्या नावावर असेल, तर १८ टक्के पाण्यात. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक कराची सोय) असाल तर वजावट कशीही मिळत नाही. वृत्तपत्रातल्या जाहिरातीच्या जागेवर हाच कर ५ टक्के आहे, तेव्हा तुलना करताना दोन्ही रकमा करासह मांडा.

आयफोनवरच्या ॲपमधून पोस्ट ‘बूस्ट’ करणाऱ्यांसाठी, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांसाठी, एक. ॲपलने ॲपमधल्या अशा खरेदीवर ३० टक्क्यांपर्यंतची कापणी लावली, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेत ती जाहिरातदारांवर ढकलायला सुरुवात केली. तीच पोस्ट ब्राउझरमधून बूस्ट केली तर ही कापणी लागत नाही. सवय संगणकाची ठेवा.

प्रश्न : गूगल-फेसबुकने बातमीच्या लिंकमागे वृत्तपत्रांना पैसे द्यावेत, असा कायदा केला तर? (वाचक, पुणे)

स्पेनने केला होता, तोही असा की प्रकाशकाला ‘मला नको’ म्हणायचीही मुभा नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये गूगलने तिथली बातम्यांची सेवाच बंद केली. ती परतली २०२२ मध्ये, प्रकाशकाला आपापला करार करायची मोकळीक मिळाल्यावर. कॅनडात २०२३ च्या कायद्यानंतर मेटाने फेसबुक-इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणेच थांबवले, तर गूगलने वर्षाला दहा कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचे मान्य केले. छोट्या प्रकाशकाचे अशा भांडणात दोन्हीकडून मरण असते : पैसे मोठ्यांना आधी, वाचक मात्र सगळ्यांचेच जातात. आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाने तुकोबांचा अभंग गाऊन यूट्यूबवर टाकला. एका म्युझिक कंपनीचा क्लेम आला. तुकोबांवर कंपनीचा हक्क कसा? (वाचक, रत्नागिरी)

तुकोबांवर नाहीच. पण एका भजनात तीन वेगळ्या गोष्टी असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्द सतराव्या शतकातले, सगळ्यांचे. चाल कोणा आधुनिक संगीतकाराने बांधलेली असेल, तर तिचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. म्हणजे १९६४ चे मुद्रण २०२४ संपताच मोकळे झाले, तरी त्यातली चाल अजून बांधलेली असू शकते.

यूट्यूबची जुळणी-यंत्रणा आवाजाचा ठसा तपासते. पारंपरिक चालीवर, स्वतःच्या पेटी-पखवाजावर गायलात आणि तरी क्लेम आला, तर तो बहुधा चुकीचा आहे. पण मागे बाजारातला तयार कराओके ट्रॅक वाजत असेल, तर ठसा त्या ट्रॅकचा जुळला असणार, आणि तिथे वाद हरण्याची शक्यता जास्त. व्हिडिओखाली ‘हक्क मूळ मालकांचे’ असे लिहिल्याने काहीही होत नाही.

क्लेम म्हणजे मजकुरावर सांगितलेला हक्क. तो स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरचा ताशेरा, नव्हे. यूट्यूब स्टुडिओत क्लेम उघडा, किती मिनिट-सेकंदाला जुळले ते बघा आणि खात्री असेल तरच ‘डिस्प्यूट’ करा. पाच दिवसांच्या आत केलात, तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस असतात. तिने नकार दिला तर अपील, त्यावर ७ दिवस. अपीलनंतर कंपनीने व्हिडिओ काढायची मागणी केली, तर मात्र स्ट्राइक लागतो, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जाते. म्हणून अपील करण्याआधी चाल कोणाची ते मंडळातल्या बुवांना विचारून घ्या.

चॅनेलला कमाई सुरू झाली असेल (एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे ही मोठ्या व्हिडिओंची अट, जाहिरातीतला वाटा ५५ टक्के), तर अमेरिकी कराची माहिती भरायला विसरू नका. नाही भरली तर जगभरातल्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. पॅन क्रमांक देऊन भारताच्या कराराचा दावा केला, तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर १५ टक्के लागतात. मुंबई-कोकणातल्या ऐकणाऱ्यांच्या पैशांना हात लागत नाही, न्यू जर्सीतल्या भाविकांचे तेवढे कापतात.