जुना कमोड बदलून पाण्याचं बिल खरंच कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट पंचवीसेक वर्षं जुना, दोन कमोड, दहा लिटरच्या टाक्या, ते काढून पाणी वाचवणारे बसवले तर बिल कमी येईल का आणि कुठलं मॉडेल घ्यावं. पाणी वाचेल हे नक्की. बिलाचं मात्र तुमची सोसायटी पाण्याचे पैसे कसे वाटते त्यावर आहे, आणि या विषयावर मी आमच्या सोसायटीत इतकी भांडलेय की उत्तर जरा लांबणार.

आधी हिशोब. चार माणसं, माणशी पाच वेळा धरा, दिवसाला वीस फ्लश. दहा लिटरच्या टाकीने 200 लिटर गेले. 6 आणि 3 लिटरची दोन बटणांची टाकी असेल आणि मोठं बटण माणशी एकदाच दाबलं तर 72 लिटर. रोजचे 128 वाचले, महिन्याचे जवळजवळ 3,800. आपल्याकडे माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरून नियोजन करतात, त्यातले 45 लिटर नुसते फ्लशचे असतात. एक तृतीयांश! आणि आपण भांडी घासणाऱ्या मावशींच्या नळाकडे डोळे लावून बसतो.

आता हे पैसे तुमच्या खिशात येतात का? पुण्यात बहुतेकांची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, ती वापरावर नसते, त्यामुळे तिथे फरक शून्य. फरक पडतो तो टँकरच्या खर्चात आणि पंपाच्या लाइट बिलात. मुंबईत मीटर असतो पण तो अख्ख्या सोसायटीचा. आणि आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि त्यांचा आकार बघून वाटतात, कोणी किती वापरलं ते बघून नाही. म्हणजे तुम्ही एकट्यांनी दोन्ही कमोड बदलले तर तुमची बचत सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटली जाणार. हे माहीत असू द्या, नाहीतर दोन महिन्यांनी मेंटेनन्सची पावती बघून चिडचिड होईल.

आता आमचं सांगते. मी सेक्रेटरी होते तेव्हा उन्हाळ्यात टँकरचा खर्च असा वाढला की मीटिंगमध्ये लोक एकमेकांची मोलकरीण, गाड्या धुणं, कुंड्या सगळं काढायला लागले. त्यात आमच्याकडे एक फ्लॅट कायम बंद, मालक परदेशात. त्यांचा ग्रुपवर एकच धोशा, वहिनी, माझ्या घरात कोणी राहत नाही, मी थेंबभर पाणी वापरत नाही, मी टँकरचे पैसे का भरू? आणि निम्मी कमिटी त्यांच्या बाजूने, कारण ऐकायला बरोबर वाटतं ना. मी म्हणत होते की नळजोड आहेत तर वाटा आहे, आणि मुळात पाणी जातंय कुठे ते आधी शोधू, मग कोणी किती भरायचं ते ठरवू.

मग मी प्लंबरला घेऊन घरोघरी फिरले. जिलबीत घालतात तो खायचा रंग फ्लशच्या टाकीत थोडा टाकायचा, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि कमोडच्या भांड्यात बघायचं. न दाबता भांड्यात केशरी पाणी उतरलं की खालचा वॉशर गेलेला. बऱ्याच घरांत उतरलं, आणि त्यातल्या एकाही घरात कोणाला माहीत नव्हतं कारण या गळतीला आवाजच नसतो.

बंद फ्लॅटची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. मालकांना व्हिडिओ कॉलवर ठेवून दार उघडलं. आतल्या बाथरूममधल्या भांड्याच्या मागच्या बाजूला तळापर्यंत बोटभर रुंद तांबूस ओघळ, आणि त्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सारखा हलत होता. प्लंबरने टाकीत आत पेन्सिलने पाण्याची रेघ मारली आणि अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद केला, थोड्या वेळात पाणी रेघेच्या चांगलं खाली. थोड्या थोड्या वेळाने फ्लोट पडून टाकी परत भरत होती, रात्रंदिवस. मिनिटाला पाव लिटर एवढीच गळती धरली तरी दिवसाला 360 लिटर होतात, महिन्याला 10,800. म्हणजे 10,000 लिटरचा एक अख्खा टँकर, आणि तोही माणूस नसलेल्या घरातून! ते गृहस्थ कॉलवर एवढंच म्हणाले की हे बिल्डरचं काम आहे. मला आजही ते पटत नाही. घर तुमचं, वॉशर तुमचा. टँकरचा वाटा भरायचाच, आणि गावाला जाताना अँगल कॉक बंद करून जायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत, कमोडच्या दुकानात जायच्या आधी टाकीत रंग टाका. वॉशर किंवा आतला व्हॉल्व्हचा सेट कमोडच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत येतो आणि बऱ्याच घरांत तेवढ्यानेच काम भागतं.

तरी बदलायचाच असेल तर भांडं आणि टाकी एकाच मॉडेलची घ्या. नुसती लहान टाकी जुन्या भांड्यावर बसवू नका, ते भांडं दहा लिटरच्या लोंढ्यासाठी बनवलेलं असतं, सहा लिटरमध्ये साफ होत नाही आणि माणूस दोनदा दाबतो. दोन बटणांचा फ्लश 1980 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्प्सनने आणला तेव्हा तोही 11 आणि 5.5 लिटरचा होता, पाणी आणखी कमी करायला त्यांना भांड्याचा आकारच बदलायला लागला. टाकीत वीट टाकणं तर अजिबात नको, ती झिजते आणि रेती वॉशरखाली बसते. अगदीच पाहिजे तर पाणी भरून झाकण घट्ट लावलेली बाटली ठेवा, आणि एका दाबात साफ होतंय का ते बघा.

मॉडेलचं नाव मी सांगणार नाही, कारण तुमच्याकडे एस ट्रॅप (घाण फरशीतून खाली जाते तो) आहे का पी ट्रॅप (मागे भिंतीतून जाते तो) ते मला माहीत नाही. एस असेल तर टाइल्स लावलेल्या भिंतीपासून ट्रॅपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून मगच दुकानात जा. ते चुकलं तर फरशी फोडायला लागते, वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्यांच्या छतातून पाणी. भिंतीत गाडलेली टाकी दिसायला छान, पण जुन्या फ्लॅटमध्ये तिच्या नादी लागू नका.

आणि हो, दोन गोष्टी राहिल्या. बोअरचं जड पाणी असेल तर नव्या टाकीचा वॉशरही क्षार बसून लवकर जातो, त्यामुळे रंगाची टेस्ट दर सहा महिन्यांनी करा. आणि जुन्या बिल्डिंगमध्ये आडवी ड्रेनेज लाइन लांब आणि उतार कमी असेल तर कमी पाण्याने ती तुंबू शकते, हे प्लंबरला आधी बघायला लावा, सगळ्यात खालच्या मजल्यावर राहत असाल तर नक्कीच.

बंद फ्लॅटवाल्यांनी पैसे भरायचे का यावर कोणाला वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या, माझ्याकडे ओघळाचा फोटो आहे.