पाण्याचा ताळेबंद, बोअर आणि ग्रामपंचायत : तुमच्या प्रश्नांना उत्तरं

राम राम मंडळी. मागच्या पंधरवड्यात शिवारफेऱ्या झाल्या त्यात अन नंतर फोनवर तुम्ही जे विचारलं त्यातलं निम्म्याच्या वर एकाच गोष्टीवर फिरत होतं, पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात पाऊस किती पडला अन त्यावर पिकं कोणती घ्यायची याचा हिशोब, म्हणून सगळ्यांना मिळून एकदाच लिहितो.

पहिला प्रश्न जरा रागातच आला होता, "साहेब, ग्रामपंचायत कोण लागून गेली आम्हाला ऊस लावू नका म्हणणारी, रान आमचं, विहीर आमची." काका, रान तुमचंच आहे अन ग्रामपंचायत काय तुमचा ऊस उपटायला येणार नाही, तसा अधिकारच नाही तिला. पण विहीर तुमची असली तरी खालचं पाणी एकट्याचं नसतं, तुम्ही दहा एचपीची मोटर लावली की बांधापलीकडच्याची विहीर दुपारी बारालाच तळ गाठते हे तुम्हीच मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा मोटर शेजाऱ्याची होती एवढाच फरक! महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा आहे, त्यात अधिसूचित क्षेत्र (भूजल जपायला सरकारनं ठरवून दिलेला भाग) जाहीर झालं तर तिथं पाणी किती उपसायचं अन त्याला धरून पिकं कोणती घ्यायची याचा आराखडा करायची तरतूद आहे. बाकी गावांत जे काय चालतं ते ग्रामसभेच्या ठरावावर अन गावाच्या धाकावर. हिवरे बाजारला शेतीला बोअर नको, ऊस-केळी नको हे गावानं ठरवलं अन पाळलं, कुणी पोलीस उभा नव्हता केला. तिथं भूजल सर्वेक्षणवाल्यांना सोबत घेऊन दरवर्षी पावसाचा हिशोब मांडतात, पाऊस कमी झाला की रब्बी कमी, विषय संपला.

आता हिशोब म्हणजे काय ते सांगतो, कारण "ताळेबंद" म्हटलं की लोकांना बँकेचं काहीतरी वाटतं. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला म्हणजे साधारण 4 हजार लिटर पाणी. आता गाव धरा 1500 लोकवस्तीचं, माणशी रोज 55 लिटर (नळयोजनेत हाच आकडा धरतात), वर्षाचं झालं 3 कोटी लिटर. ऐकायला लई वाटतं ना? पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर लागतं. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी तीन-साडेतीन एकर उसात जिरतं. मी हे ग्रामसभेत सांगितलं तर एकानं मोबाईल काढून गुणाकार करून बघितला, बघू द्या, चांगलंच आहे. हरभऱ्याला एकरी आठ-दहा लाख लिटरमध्ये भागतं, म्हणजे एक एकर उसाच्या पाण्यात आठ एकर हरभरा निघतो. ऊस लावूच नका असं मी म्हणत नाही, ठिबकवर लावा, दहाच्या जागी तीन एकर लावा, पण दिवाळीच्या आधी गावाचा हिशोब बघून लावा. मार्चमध्ये टँकरची मागणी करायला तुम्हीच येता माझ्याकडं, अन टँकर माझ्या खात्याकडं नसतो!

एका ताईंनी विचारलं की मागे पण ताळेबंद झाला होता पण आकडे कुणीतरी ऑफिसात बसून टाकले, भिंतीवर रंगवले, पुढं काहीच नाही. ताई, खरं आहे, काही गावांत असंच झालंय अन त्यात आमच्या लोकांची पण चूक आहे. महसूल मंडळाला महावेधचं (पाऊस-हवामान आपोआप मोजणारं) एक केंद्र असतं, त्याचा पाऊस मंडळातल्या सगळ्या गावांना लावतात, अन आपल्याकडं नदीच्या अल्याड पडतो तर पल्याड धूळ उडते. शाळेच्या पटांगणात साधं पर्जन्यमापक बसवा, पोरं रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहितील, मास्तरांना सांगून ठेवा, ती वही ग्रामसभेत आणली की कुणी वाद घालत नाही.

बोअरचं थोडक्यात. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून (म्हणजे गावाला पाणी देणाऱ्या विहिरी-बोअरपासून) 500 मीटरच्या आत नवी विहीर-बोअर मनानं घेता येत नाही. शेतीला 60 मीटरच्या खाली म्हणजे अंदाजे दोनशे फुटांच्या खाली जायचं नाही असं पण कायद्यात आहे, अन आपल्या शिवारात सहाशे फुटावर गाड्या चालतात हे मला पण दिसतं, तुम्हाला पण दिसतं. गावच्या विहिरीशेजारी कुणी मशीन आणली तर भांडत बसू नका, ग्रामसेवकाकडं (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत तहसीलला. मशीनवाल्याला पण नोंदणी लागते, आधी तीच विचारा.

शेततळ्यावर जरा स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर बसतं. ते पावसाच्या ओघळानं भरलं तर सोनं. पण प्लास्टिक टाकून नोव्हेंबरात बोअर चालू करून भरायचं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं झालं, उन्हाळ्यात भरलेल्या तळ्यातून रोज सहा-सात हजार लिटर नुसतं उडून जातं. फळबागेला शेवटच्या दोन महिन्यांसाठी कुणी केलं तर समजू शकतो, पण सगळ्या गावानं केलं तर जमिनीखाली राहतं काय?

"वित्त आयोगाचा पैसा रस्त्यालाच का जातो, बंधारा फुटलाय तो दिसत नाही का?" बरोबर प्रश्न आहे. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के निधी बंधित म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा पाण्यासाठी अन निम्मा स्वच्छतेसाठी, पाण्याच्या वाट्यात पिण्याचं पाणी अन पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं बसतं. पण काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नसेल तर सरपंचानं ठरवलं तरी करता येत नाही, अन आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो जिथं तुम्ही कधी येत नाही. शंभर माणसं किंवा मतदारांच्या 15 टक्के, जे कमी असेल तेवढ्यात कोरम होतो, तेवढे पण जमत नाहीत मग सभा तहकूब, अन तहकूब सभेत जे दहा-बारा बसलेले असतात त्यांचे रस्ते होतात. महिलांची सभा आधी होते, तिथं पाण्याचा विषय बायका बरोबर मांडतात, तो ठराव मुख्य सभेत वाचायला लावा. ग्राम कृषी विकास समितीचे अध्यक्ष सरपंचच आहेत, त्यांना विचारा शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा म्हणा.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी येतोय. येताना प्रत्येकानं आपल्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजून आणा, टेप नसला तर दोरीला दगड बांधा अन ओली खूण हातानं मोजा, मोटर बंद करून रात्रभर पाणी थांबू द्या मगच मोजा नाहीतर आकडा चुकतो. किती एकर काय लावणार ते पण कागदावर आणा, पेन्सिलनं लिहा.