आत टाकलं की वठणीवर येतो का?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्यात दारू. मागच्या महिन्यात रात्री दोनला जिन्यात ओरडत होता तर शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले, रात्रभर लॉकअपमध्ये ठेवलं. तेव्हापासून कुणी बेल वाजवली की हा बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. सगळे म्हणतात शिक्षा नसेल तर असे लोक मोकाट सुटतील. दुसरा काही मार्ग असतो का? — एक बहीण

उत्तर: ताई, शिक्षेची भीती पुढचा विचार करणाऱ्याला बसते. ज्याच्या कानात आवाज येतायत तो रात्री दोनला कसला विचार करणार? भीती तुमच्या भावाला बसलीच आहे, पण ती बेलची, दारूची नाही.

मार्ग आहेत. अमेरिकेत ओरेगन राज्यात युजीन नावाचं शहर आहे, तिथे 1989 पासून कहूट्स नावाची व्हॅन फिरायची, असा फोन आला की त्यातून दोघं उतरायचे, एक मेडिक आणि एक अशा वेळी कसं बोलायचं ते शिकलेला, हत्यार नाही, बेड्या नाहीत. या कामातली माणसं अंगावर जात नाहीत, खालच्या पायरीवर बसतात, पाणी पुढे करतात, हळू बोलतात आणि अर्धा तास गेला तरी घड्याळ बघत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पैशांच्या अडचणीमुळे युजीनमधली ही सेवा थांबली. चांगुलपणाला पण बजेट लागतं, काय करणार!

आता 'मोकाट' चं बघू. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरते ड्रग्ज जवळ असणं हा गुन्हा राहू दिला नाही (विकणं अजूनही गुन्हाच आहे), दहा दिवसांना पुरेल इतकाच माल सापडला तर कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे बसवतात, आणि सोबत उपचारही वाढवले. मोकाट वगैरे काही झालं नाही, उलट ड्रग्ज घेणाऱ्यांमधली एचआयव्हीची नवी लागण खूप कमी झाली. याउलट ओरेगनने 2021 मध्ये शिक्षा काढली, हातात शंभर डॉलर दंडाची पावती आणि एक फोन नंबर दिला, उपचार केंद्रं उभी राहायला मात्र वेळ लागला, लोक वैतागले आणि 2024 मध्ये ते परत गुन्ह्यात आलं. माझं मत विचाराल तर शिक्षा काढणं सोपं, तिच्या जागी माणूस आणून बसवणं महाग आणि तिथेच सगळे कच खातात.

बेघरांचंही तसंच. आधी दारू सोड मग घर देतो, हे फिनलंडने 2008 पासून उलटं केलं, आधी स्वतःच्या नावावर भाड्याचं घर, बाकीचं नंतर. किल्ली हातात असेल तर औषध कुठे ठेवायचं हा प्रश्न तरी सुटतो ना.

तुमच्यापुरतं सांगायचं तर भाऊ शांत असेल तेव्हा त्याच्यासोबत बसून एक कागद लिहा. कोणाचं ऐकतो, कशाने बिथरतो, कुठली औषधं चालू आहेत, डॉक्टरांचा नंबर, रात्री पहिला फोन कोणाला. त्याची एक कॉपी त्याच शेजाऱ्यांना द्या. जिवाला धोका वाटला तर इमर्जन्सीला फोन कराच, पण पहिलंच वाक्य 'माणूस आजारी आहे' हे असू दे. रोज पीत असेल तर दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि सध्या बेल काढून ठेवा, येणाऱ्यांना सांगा दारातून त्याच्या नावाने हाक मारायची.