विद्युतचुंबकीय लहरींचा त्रास होणाऱ्या व्यक्तीसाठी कमी उत्सर्जनाचा संगणक कोणता घ्यावा?

तुम्ही डिचोलीहून विचारले आहे की, तुमच्या वहिनींना शिकवणीसाठी रोज पाच-सहा तास लॅपटॉपवर बसावे लागते, तासाभरातच त्यांचे डोके जड होते, मनगटाखाली झिणझिण्या येतात, वाय-फाय बंद केले की थोडे बरे वाटते, तेव्हा त्यांच्यासाठी सर्वांत कमी उत्सर्जनाचा संगणक कोणता घ्यावा. मी फोंड्यात बरीच वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो. माझ्या मते नवा संगणक घेण्याआधी तुमच्या घरातले प्लग पाहायला हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2005 साली या तक्रारीविषयी जी भूमिका मांडली, ती तुम्हाला ठाऊक असावी. लक्षणे खरी असतात आणि काहींना ती कामातून उठवतात, मात्र विद्युतचुंबकीय क्षेत्रांमुळेच ती होतात याला आधार सापडलेला नाही. लहर चालू आहे की बंद, हे कोणालाच न सांगता केलेल्या चाचण्यांत त्रास होणाऱ्यांनाही ती ओळखता आलेली नाही. म्हणून डोके जड होण्यासाठी डोळ्यांचा नंबर, मान, झोप आणि रक्तदाब डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. वहिनींच्या त्रासावर मी शंका घेत नाही, फक्त सगळे खापर वाय-फायवर फोडून खरे कारण निसटू नये, एवढेच म्हणणे आहे.

झिणझिण्यांचे मात्र वेगळे आहे, आणि त्यांचे कारण पुष्कळदा टेस्टरने दाखवता येते. म्हार्दोळजवळच्या एका जुन्या घरात निवृत्त शिक्षिकेची हुबेहूब हीच तक्रार होती. लॅपटॉप धातूच्या कवचाचा, अडॅप्टर दोन पिनांचा. चार्जिंग चालू असताना टेस्टरचे टोक कवचाला टेकवले, तर आतला दिवा मंद केशरी उजळला. अडॅप्टर काढताच विझला. बाईंनी स्वतः तळहात टेकवून पाहिला आणि म्हणाल्या, "आता मुंग्या नाहीत." अडॅप्टरमध्ये खरखर दाबण्यासाठी बसवलेल्या छोट्या कपॅसिटरांतून, अर्थिंग नसेल तर, 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब कवचावर येतो. प्रवाह अगदी नगण्य असल्यामुळे धोका नसतो, पण त्वचेला तो जाणवतो. तीन पिनांचा अडॅप्टर आणला तरी त्या घरात फरक पडला नाही, कारण सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. तार जोडली, तेव्हा टेस्टरचा उजेड गेला. आपल्याकडच्या जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि किनाऱ्याजवळ खारी हवा जोडाच्या नट-बोल्टांना खाते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, शक्यतो उन्हाळ्यात. टेस्टर घेऊन सॉकेट स्वतः उघडू नका.

हे झाल्यावर संगणक. 'कमी उत्सर्जन' असे बिरुद लावलेल्या वस्तूंमागे धावू नका. स्वीडनमध्ये पडद्यांसाठी एमपीआर-2 आणि टीसीओ ही मानके झाली ती काचेच्या नळीच्या जड मॉनिटरांच्या काळात. टीसीओने पडद्यासमोर 30 सेंटिमीटरवर विद्युत क्षेत्राची मर्यादा 10 व्होल्ट प्रति मीटर आणि चुंबकीय क्षेत्राची 200 नॅनोटेस्ला ठेवली होती. त्या नळ्यांत हजारो व्होल्टचा दाब आणि किरण वळवणारी कॉइल असे. आजच्या सपाट पडद्यांत यातले काही नाही. त्या काळी पडद्यावर अडकवायची जाळीची काच आणि आज लहरी रोखते म्हणून मोबाईलला चिकटवायला मिळणारी चकती, दोन्हींवर पैसे घालवू नयेत.

माझी पसंती लॅपटॉपऐवजी डेस्कटॉपला आहे. लॅपटॉपमध्ये हात सर्किटच्या वरच टेकलेले असतात. डेस्कटॉपची लोखंडी पेटी तीन पिनांच्या वायरने अर्थ होते आणि मेजाखाली हातभर दूर ठेवता येते, आणि अंतर वाढले की क्षेत्राचा जोर झपाट्याने उतरतो. मदरबोर्ड वाय-फाय नसलेला मागा, तो स्वस्तही पडतो; कीबोर्ड आणि माऊस तारेचे, इंटरनेट लॅन केबलने. राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फाय बंद करता येते, नुसती केबल लावून ते बंद होत नाही. मोबाईल मेजावर ठेवू नका, कारण रेंज कमी असेल तेव्हा तो जास्त जोराने लहरी सोडतो. पावसाळ्यात दिवे जाण्याच्या काळात चालणारा इन्व्हर्टर वहिनींच्या खुर्चीपासून दोन-तीन मीटर लांब असावा, त्याच्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असते. लॅपटॉपच ठेवायचा असेल, तर बॅटरीवर वापरा आणि चार्जिंग जेवणाच्या वेळी करा.

डोके जड होण्याचे कारण कधीकधी पडद्याचा लुकलुकाट असू शकते, हे फार थोडे लोक तपासतात. काही पडदे उजेड कमी केला की दिवे सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात, डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग 1/1000 सेकंद ठेवून पांढऱ्या पडद्याकडे धरा. काळे पट्टे दिसले, तर तो पडदा घेऊ नये. ही चाचणी पडद्याचा उजेड मंद ठेवूनच करावी.

वाय-फायबाबत घरच्या घरी एक शहानिशा करून पाहा. आज चालू की बंद हे वहिनींना न सांगता तुम्ही दोन आठवडे ते कधी चालू, कधी बंद ठेवा आणि त्याची नोंद ठेवा. राउटरचे दिवे झाका. केबलचे काम चालू राहील, म्हणून संगणकावर त्यांना कळणार नाही. त्या रोज संध्याकाळी त्रास वहीत लिहितील. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. अर्थात त्यांची आधी संमती असेल तरच हे करावे.

दुकानात जाताना वहिनींना बरोबर न्या, निवडलेल्या पडद्यासमोर अर्धा तास बसू द्या, आणि परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.