बाळ झोपलं तरी ती जागीच

प्रश्न : पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी खानापूर तालुक्यात माहेरी आहे. बाळ पाच आठवड्यांचं. ती सारखी रडते, बाळ झोपलं तरी जागीच असते. सासूबाई म्हणतात, "ओली बाळंतीण आहे, होईल बरं." वाट पाहू का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नका पाहू. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं बहुतेकींना होतं; संप्रेरकं झपाट्याने उतरतात. पण ते साधारण २ आठवड्यांत ओसरतं. पाचव्या आठवड्यातही टिकलं, तर प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. यात तिचा काडीचाही दोष नाही, आणि ते बरं होतं.

आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांना सांगा. तालुका रुग्णालयात दाखवा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासून घ्या. औषध लागलंच, तर अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात.

आणि तुम्ही रविवारी पाहुण्यासारखं जाऊन येऊ नका, चार दिवस राहा. रात्री दहाला पाजून झालं की बाळ तुमच्याकडे : खांद्यावर धरून ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधाचं, उकळलेल्या वाटी-चमच्याने. बाहेर ठेवलेलं दूध ४ तासांच्या आत संपवा. तिला दुसऱ्या खोलीत सलग ४-५ तास झोपू द्या. बाळ जरा कुरकुरलं की तिलाच हाक मारली जाते, तिथेच सगळं फिसकटतं.

मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. तिला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.