गरोदर बाईने फवारणीचे औषध कालवून द्यावे का?

आपण विचारले आहे की, पत्नीला तिसरा महिना आहे, ती पाठीवर पंप घेत नाही, फक्त ड्रमात पाणी भरून कपाशीचे औषध कालवून देते. तर पोटातल्या बाळाला त्याची बाधा होईल का. मी यवतमाळ जिल्ह्यात बारा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. माझे म्हणणे असे की, हे काम आजच थांबवावे, कारण बाटलीतले औषध पंपातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जहाल असते आणि कालवणाऱ्याच्या हातावर तेच उडते.

प्रोफेनोफॉससारखी औषधे कातडीतून अंगात शिरतात आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात. बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडत असले तरी मेंदूची वाढ बाळंतपणानंतरही चालू राहते, म्हणून चौथा महिना लागला की धोका टळला, असे समजू नये. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जण दगावले, आणि ती धडधाकट माणसे होती.

वावरात न गेल्यानेही सगळे निभते असे नाही. आमच्या गावातली सातव्या महिन्याची एक बाई घरीच असे, पण नवऱ्याचा फवारणीचा ओला शर्ट रोज दगडावर हाताने घासत असे. शर्टाच्या पाठीवर, पंपाचे झाकण गळत होते तिथे, पिवळट डाग होता आणि तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या. मळमळ आणि डोकेदुखी तिने गरोदरपणाचीच समजून अंगावर काढली. मी तो शर्ट नवऱ्याच्या हाती दिला, तेव्हा सासूबाई नाराज झाल्या; पुढे मात्र तो स्वतःच वेगळ्या बादलीत कपडे धुऊ लागला. आपणही तसेच करावे, आणि आंघोळ केल्याशिवाय पत्नीजवळ बसू नये.

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, चुलीचा धूर आणि खर्रा किंवा गुडाखू या तंबाखूच्या पदार्थांनीही बाळाचे वजन अडीच किलोच्या आत राहण्याची शक्यता वाढते, म्हणून तेही टाळावे.

आजवर जे झाले त्याची धास्ती घेऊ नका. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते सांगा आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका. मात्र औषधाचा संपर्क आल्यावर उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन तिला तडक रुग्णालयात न्या आणि औषधाची बाटली सोबत घ्या, कारण तिच्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.