वर चढणारं कॉलेज आणि आपला खेळाडू

प्रश्न : भाचा बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) करतोय, बास्केटबॉल उत्तम खेळतो. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजने विचारणा केली आहे. ते म्हणे कॉलेज खेळांच्या डिव्हिजन दोनमधून सर्वात वरच्या डिव्हिजन एकमध्ये चाललंय. पाठवावं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : पाठवा, पण आधी संक्रमणाचं, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्याच्या काळाचं, कितवं वर्ष चालू आहे ते लेखी विचारा. डिव्हिजन दोनमधून चढणाऱ्या संघाला चार वर्षं एनसीएएच्या (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) मुख्य स्पर्धेत उतरता येत नसे. 2025 च्या बदलानंतर अटी पाळणाऱ्या कॉलेजांसाठी ही मुदत तीन वर्षं झाली. 2023 मध्ये संक्रमणात असलेल्या मेरिमॅक कॉलेजने आपल्या कॉन्फरन्सची (कॉलेजांच्या गटाची) अंतिम लढत 67-66 अशी जिंकली, तरी मुख्य स्पर्धेतली जागा हरलेल्या फेअरली डिकिन्सनला मिळाली. त्याच संघाने पुढे अव्वल मानांकित पर्ड्यूला हरवलं! मेरिमॅकच्या मुलांना हे किती लागलं असेल.

दुसरं, शिष्यवृत्ती. डिव्हिजन दोनमध्ये ती बहुधा तुकड्यांत वाटतात. चढल्यावर पूर्ण मिळेल का, किती वर्षांची, हे करारात हवं. वर गेल्यावर प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजांतून तयार खेळाडू आणतात आणि नवखा बाकावर बसतो, हेही धरून चाला.

खरी अडचण कागदांची. डिव्हिजन एकसाठी शाळेतले 16 मुख्य विषय आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 सरासरी लागते, दोनसाठी 2.2. हिशोब नववीपासून होतो, म्हणून त्या गुणपत्रिका शाळेतून आत्ताच काढा. मराठी किंवा कन्नडमध्ये असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.